ही नक्कल कधीची?

(बेला येथे मराठी शिक्षक व विद्यार्थी यांच्या कार्यशाळेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



बोलावणं आलं तेव्हा मी विषय विचारला. "संगणक आणि मराठी यावर काहीही बोला," असं उत्तर मिळालं. एवढ्या मोठ्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी त्यातली एक लहान आणि जराशी लाजिरवाणी गोष्ट निवडली आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या सोर्स कोडच्या जुन्या प्रती, आणि त्या जुन्या आहेत हे कोणी न सांगितल्यामुळे माणसांचं काय होतं, ही ती गोष्ट. यात एकदा माझी फसगत झाली आहे आणि एकदा माझ्यामुळे दुसऱ्याची. खरं सांगायचं तर ती दुसरी गोष्ट सांगण्यासाठीच मी आले आहे.

मी इथलीच. आमचं वावर गावाच्या उत्तरेला, पैनगंगेच्या बाजूला. घरी एक लोखंडी पेटी होती आणि त्या पेटीत आजोबांच्या नावाची पहाणीची नक्कल होती. एका वर्षी पीककर्जासाठी बाबा ती नक्कल घेऊन आदिलाबादला गेले. कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ही नक्कल कधीची?" बाबा म्हणाले, "साहेब, खरी आहे. शिक्का पाहा." कारकून म्हणाला, "खरी आहे हो. कधीची आहे?" दरम्यान विरासत झाली होती, तिघा भावांची नावं चढली होती, सर्व्हे नंबरचे तुकडे झाले होते. कागद अस्सल होता, शिक्का अस्सल होता, पण त्यावरची जमीन आता त्या रूपात कुठेच नव्हती. नवी नक्कल हाती येईपर्यंत पेरणीचे पंधरा दिवस गेले. कारकुनाचं काही चुकलं नव्हतं. त्याचा प्रश्न मात्र मला फार उशिरा कळला. संगणकाच्या धंद्यात दहा वर्षं घालवल्यावर.

आता थोडं धंद्याचं. ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, वाटता येतो, ते मुक्त सॉफ्टवेअर. त्याचं सगळं जगणंच नकलेवर आहे. २००५ च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी 'गिट' नावाचं साधन लिहिलं. आज बहुतेक मुक्त प्रकल्पांचा कोड त्यातच ठेवलेला असतो. गिटची खुबी अशी की तुम्ही एखाद्या प्रकल्पाची प्रत उतरवून घेतली की नुसता आजचा कोड येत नाही, पहिल्या दिवसापासूनचा त्याचा सगळा इतिहास येतो. प्रत्येक प्रत पूर्ण असते. यात मोठी सुरक्षितता आहे. २०११ साली लिनक्सचा कोड जिथे ठेवतात त्या कर्नल डॉट ऑर्ग या ठिकाणी घुसखोरी झाली आणि ते काही आठवडे बंद ठेवावं लागलं. लिनक्सचं काम थांबलं नाही, कारण पूर्ण प्रती जगभर होत्या. टोरवाल्ड्स यांनी तेवढ्या काळापुरता आपला कोड गिटहबवर मांडला आणि काम पुढे चालू ठेवलं.

म्हणून प्रकल्प आपल्या कोडच्या आणखी प्रती मुद्दाम दुसरीकडे ठेवतात. तिला 'मिरर' म्हणतात. मिरर म्हणजे आरसा. शब्द चांगला आहे, पण फसवा आहे. आरशासमोर आपण हात हलवला की आतला हात हलतो. कोडचा मिरर तसा आपोआप हलत नाही. कुठेतरी एक लहानसा प्रोग्राम तासातासाला मूळ ठिकाणाहून नवं ते आणून इथे ओततो. त्याचा पासवर्ड बदलला, मूळ जागेचा पत्ता बदलला, तो लावणारा माणूस नोकरी सोडून गेला, की ओतणं बंद. आणि बंद झाल्याचा काही आवाज होत नाही. आरशाच्या चौकटीत एक फोटो उरतो. बाहेरून येणाऱ्याला चौकट दिसते. तो आरसाच समजतो.

कोणी म्हणेल, तारीख पाहावी. शेवटचा बदल कधीचा ते तर दिसतंच. दिसतं, पण त्यावरून ठरत नाही. काही प्रकल्प पक्के झालेले असतात, वर्षवर्ष त्यांत बदल होत नाही. शांत बसलेला आणि सोडून दिलेला, दोघे सारखेच दिसतात. गिट आणखी एक देतं: प्रत्येक बदलाला त्याच्या मजकुरावरून काढलेला एक लांबलचक ठसा असतो. वाटेत कोणी एक अक्षर बदललं तरी ठसा जुळत नाही. म्हणजे नक्कल खरी की खोटी हे यंत्र सांगतं. कधीची, हे सांगत नाही. बाबांच्या कागदावरचा शिक्काही तेवढंच सांगत होता.

आता माझी फसगत. हैदराबादला शिकत असताना मला एक भूमितीचा मुक्त प्रोग्राम सापडला. बिंदू ठेवा, रेषा काढा, वर्तुळ ओढा, त्रिकोण हलवा. मुलांना हाताने भूमिती कळावी असा. नाव सांगत नाही, कारण दोष एकट्या त्यांचा नाही. त्यात कितीतरी भाषा होत्या, मराठी नव्हती. मला इथली शाळा आठवली. मराठी माध्यमाची मुलं, तेलुगू राज्यात, आणि संगणकावर सगळं इंग्रजी. मी ठरवलं की हे मराठीत आणायचं. साधारण चौदाशे संदेश होते. आमचे गणिताचे गुरुजी उत्साहाने सामील झाले. मी सुट्टीत यायची, शाळा सुटल्यावर आम्ही बसायचो.

त्या बैठकांबद्दल मी तासभर बोलू शकेन. 'ड्रॅग'ला मी 'ओढा' लिहिलं. दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलाने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "गुरुजी, इथं ओढा कुठं आहे?" नदीकाठचं पोर, त्याला ओढा म्हटलं की पाणी दिसणार. गुरुजींनी 'सरकवा' सुचवलं, तेच ठेवलं. 'अनडू'वर तीन संध्याकाळी गेल्या. 'पूर्ववत करा' हे बरोबर होतं आणि मुलांना परकं होतं. गुरुजी म्हणाले, पाटीवर चुकलं की पोरं काय म्हणतात? "पुसा." पण पुसा म्हटलं की सगळंच पुसलं जाईल अशी भीती. शेवटी 'एक पाऊल मागे' असं झालं. मला ते आजही आवडतं. अशा रीतीने आठ महिन्यांत चौदाशे संदेश झाले, आणि मी ते पाठवले.

उत्तर आलं नाही. एक महिना, दोन महिने. मी पुन्हा पाठवलं. गुरुजी भेटले की विचारायचे, "आलं का आपलं?" मी म्हणायची, "येईल." अकरा महिन्यांनी कोणाचं तरी सभ्य, थोडक्यात पत्र आलं. तुम्ही जिथे काम पाठवलं ती जुनी मिरर आहे. प्रकल्प दोन वर्षांपूर्वीच दुसरीकडे गेला. हे सगळ्यांना माहीत आहे. नव्या आवृत्तीत संदेश पुष्कळ बदलले होते. माझ्या चौदाशेपैकी पाचशेच्या आसपास जसेच्या तसे बसले. बाकीच्यांवर 'फझी' असा शिक्का बसला; मूळ वाक्य बदललं की जुन्या भाषांतराला यंत्र तशी खूण करतं आणि ते वापरत नाही. ते सगळं पुन्हा करायला हवं होतं. मी नोकरीला लागले होते. गुरुजी निवृत्त झाले त्या दिवशी शाळेच्या संगणकावर तो प्रोग्राम इंग्रजीतच होता.

त्या पत्रातला 'सगळ्यांना' हा शब्द माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेला नाही. सगळे म्हणजे कोण? वर्षाला एकदा जे भेटतात ते, रोज एकमेकांशी बोलतात ते. गावातही असंच असतं. बातमी पारावर सांगितली की गावाला कळली असं पारावरचे समजतात. वस्तीवर राहणाऱ्याला कळायला काही तरी लिहून लावावं लागतं. प्रकल्पाच्या आतल्या माणसाला जुन्या जागेकडे जायचं कारणच उरत नाही, म्हणून तिथली पाटी त्याला दिसत नाही. जो बाहेरून येतो, त्याच्यापाशी पाटीशिवाय दुसरं काही नसतं.

पण मी स्वतःलाही सोडत नाही. भाषांतराची जी फाइल मी आठ महिने उघडत होते, तिला 'पीओ फाइल' म्हणतात. तिच्या माथ्यावर काही ओळी असतात: मूळ संदेश कोडमधून कोणत्या तारखेला काढले, भाषांतर शेवटचं कधी सुधारलं, कोणी सुधारलं, भाषेचा गट कोणता, चूक दिसली तर कोणाला कळवायचं. पहिलीच तारीख दोन वर्षं जुनी होती. मी ती रोज ओलांडून खाली जात होते.

मराठीच्या अभ्यासकांना त्या ओळी पाहून काय आठवेल ते मी सांगायला नको. पोथीच्या शेवटी पुष्पिका असते: शक, संवत्सर, तिथी, गाव, लिहिणाऱ्याचं नाव, आणि चुकीबद्दल क्षमा. पोथी उतरवणाऱ्याला कळत होतं की ही प्रत आहे आणि पुढच्या माणसाला तिचा ठावठिकाणा लागणार आहे. आपल्या भाषेने हा प्रश्न फार आधी अनुभवला आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात फिरता फिरता त्यांत पाठभेद शिरले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून पाठ शुद्ध केला, आणि शेवटी काळाची नोंद करून यात आपल्या ओव्या कोणी घालू नयेत असं बजावलं. पुढे राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत १९०९ साली छापली आणि मूळ कोणतं यावर नवी चर्चा सुरू झाली. इथून जवळच्या माहूरशी ज्यांचं नातं आहे त्या महानुभावांकडे तर याहून अवघड प्रसंग आला. लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत गेली आणि शिष्यांनी ते आठवणीतून पुन्हा उभं केलं, असं परंपरा सांगते. म्हणून त्याचे वेगवेगळे पाठ आहेत. पण तिथे कोणता पाठ कोणाचा हे नाव लावून सांगितलेलं असतं. हिराइसेचा पाठ तो हिराइसेचा. पाठ अनेक असण्याने वाचक फसत नाही. नाव नसलेल्या पाठाने फसतो.

संगणकात मराठीपुरतं एक उदाहरण देते, ते लेखक-प्रकाशकांच्या कामाचं आहे. 'लोहित' हे फॉन्ट पुष्कळांनी पाहिले असतील. मॉड्युलर इन्फोटेकने दिलेले हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये जीपीएल परवान्याखाली खुले केले. २०११ मध्ये परवाना बदलला आणि ते फॉन्टसाठीच बेतलेल्या एसआयएल ओपन फॉन्ट परवान्याखाली आले. काम फेडोराहोस्टेड नावाच्या ठिकाणी चालत असे. ते ठिकाण २०१७ मध्ये बंद झालं आणि लोहित पागुरे या ठिकाणी गेला. आता विचार करा. कोणी जुन्या प्रतीतून फॉन्ट उतरवला तर त्याला जुनी अक्षरं मिळतातच, शिवाय जुन्या अटीही मिळतात. पुस्तक छापणारा त्या वाचून घाबरेल किंवा भलतंच समजेल, आणि दोन्ही वेळा समोरचा कागद खरा असेल.

फॉन्टचा विषय निघालाच आहे तर जरा वाकडी वाट. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचं रूप ठरवून दिलं. त्यात 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं आहेत. युनिकोडमध्ये हिंदी 'ल' आणि मराठी 'ल' यांना एकच क्रमांक आहे. मजकूर मराठी आहे असं कळलं तर मराठी वळण दाखवायचं, ही सोय फॉन्टच्या आत करावी लागते. ती सोय एखाद्या फॉन्टच्या नव्या आवृत्तीत असते, जुनीत नसते. शिक्षक मला विचारतात, "आमच्या संगणकावर मराठी श का येत नाही?" दर वेळी कारण तेच असतं असं नाही, पण मी आधी विचारते तो प्रश्न आता तुम्हाला पाठ झाला असेल.

चांगल्या पाट्याही असतात. लिब्रेऑफिसचा कोड गिटहबवर आहे, पण तो फक्त वाचण्यासाठी. तिथे नावाखालीच लिहिलेलं असतं की इथे बदल पाठवू नका, गेरिटवर या, आणि पत्ता. भाषांतर तर तिथेही होत नाही, ते वेबलेट या तिसऱ्या ठिकाणी. नोमचं काम २०१८ पासून त्यांच्या स्वतःच्या गिटलॅबवर आहे. गिटहबवरच्या प्रतींवर 'फक्त वाचण्यासाठी मिरर' अशी ओळ आणि मूळ पत्ता असतो. लिनक्सचा कोडही गिटहबवर दिसतो, तिथे कोणी दुरुस्ती सुचवली तर ती घेतली जात नाही. दुरुस्त्या ईमेलने जातात, आणि कोणत्या भागासाठी कोणाला लिहायचं याची यादी कोडमध्येच 'मेंटेनर्स' नावाच्या फाइलमध्ये ठेवलेली आहे. पुण्यातल्या दुकानांवर 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी असते, तिची आपण थट्टा करतो. मला ती पाटी आता फार जबाबदार वाटते.

आणि मूळ कोणतं हे कायमचं ठरलेलं नसतं. पीएचपी ही वेबसाठीची भाषा घ्या. २८ मार्च २०२१ ला तिच्या मूळ ठिकाणी कोणीतरी दुसऱ्यांच्या नावाने घातक बदल घुसवल्याचं लक्षात आलं. तेव्हा त्या मंडळींनी ते ठिकाण सोडायचं ठरवलं आणि गिटहबवरची प्रत, जी तोवर निव्वळ मिरर होती, तीच मूळ झाली. काल ज्याला आरसा म्हणत होतो तो आज माणूस झाला. त्यांनी हे ताबडतोब जाहीर केलं, म्हणून गोंधळ झाला नाही.

आता माझ्यामुळे जे झालं ते.

भूमितीच्या त्या कामातून माझ्याकडे शब्दांची एक यादी उरली होती. संगणक आणि गणित यांचे मराठी शब्द, आणि शक्य तिथे आपल्या भागात मुलं प्रत्यक्ष जे म्हणतात ते. वाढत वाढत नऊशे शब्द झाले. ती यादी मी मुक्त परवान्याखाली गूगल कोडवर ठेवली. २०१५ च्या मार्चमध्ये गूगलने जाहीर केलं की गूगल कोड बंद होणार, आणि जानेवारी २०१६ मध्ये ते बंद झालं. मी वेळेवर यादी हलवली. खबरदारी म्हणून दोन ठिकाणी ठेवली. एका ठिकाणी काम करत राहिले. दुसरी प्रत तशीच राहिली, त्यावर एक शब्दही न लिहिता. मला कशाला पाटी हवी? मला माहीत होतं कोणती खरी.

२०२२ मध्ये आदिलाबादला पदवीला शिकणाऱ्या, याच मंडलातल्या एका मुलीला शोधता शोधता ती यादी सापडली. दुसरी प्रत. ती शाळेत मराठी माध्यमात शिकली होती. तिने नऊशे शब्द एकेक करून वाचले आणि दोनशे बारा दुरुस्त्या पाठवल्या. त्या ठिकाणी माझा जो ईमेल होता तो मी कधीच सोडला होता. चौदा महिने त्या दुरुस्त्या तिथे पडून राहिल्या. जुनी खाती आवरताना एका रविवारी त्या मला दिसल्या.

मी वाचायला बसले. जवळजवळ निम्म्या मी दुसऱ्या ठिकाणी आधीच करून टाकल्या होत्या; तिची ती मेहनत वाया गेली होती. उरलेल्या माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. मी 'कॉलम'ला 'स्तंभ' लिहिलं होतं. तिने लिहिलं होतं, 'तास', आणि बाजूला टीप: पऱ्हाटीचं तास उभं असतं, पोरांना लगेच कळतं, पण घड्याळाचा तास वेगळा म्हणून शिक्षकांना विचारावं. एवढा विचार करून कोणीतरी मला लिहिलं होतं आणि मी चौदा महिने गप्प होते.

मी तिला शोधून फोन केला, माफी मागितली, सगळं समजावून सांगितलं: मिरर, जुना ईमेल, दुसरं ठिकाण. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, मला वाटलं माझं मराठी बरोबर नसेल, म्हणून उत्तर आलं नाही."

हे मी तिच्या परवानगीने सांगते आहे.

पुण्यामुंबईच्या मुलाला उत्तर आलं नाही तर तो म्हणेल, पाठवताना काहीतरी चुकलं, पुन्हा पाठवू. आपल्याकडच्या मुलाला दुसरं काहीतरी ऐकू येतं. त्याला लहानपणापासून दोन बाजूंनी ऐकवलेलं असतं. इथे म्हणतात, मराठी शिकून काय करणार? नदीपलीकडे गेलं की म्हणतात, तुमचं मराठी जरा वेगळंच आहे. अशा माणसाने कष्टाने काही लिहून पाठवलं आणि पलीकडून शांतता आली, तर तो त्या शांततेचा अर्थ लावणारच, आणि अर्थ त्याच्याकडे तयार असतो. मी जेव्हा अकरा महिने थांबले होते तेव्हा मलाही हेच वाटलं होतं. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

म्हणून हा विषय मी लेखक आणि शिक्षकांसमोर मांडते आहे, संगणकवाल्यांसमोर नाही. तांत्रिक भाग सोपा आहे: जुनी प्रत 'फक्त वाचण्यासाठी' करून ठेवायची बटणं जवळपास सगळीकडे आहेत. राहतं ते चार ओळींचं लिखाण, आणि ते चांगलं लिहिलेलं क्वचितच आढळतं. मराठीत तर आपण पाटी लिहायला बसलो की कचेरीची भाषा अंगात येते: 'सदर प्रत अद्ययावत नसल्याची नोंद घ्यावी.' नोंद घेऊन मी काय करू? कुठे जाऊ? शाळेच्या भिंतीवर अजून २०१४ च्या आधीचा आंध्र प्रदेशचा नकाशा टांगलेला असेल तर काढू नका. त्याखाली साल लिहा आणि नवा नकाशा शेजारी लावा. साल लिहिलं की तो इतिहासाचा नकाशा होतो. राजुरा तालुका ज्यात आदिलाबाद जिल्ह्यात दिसतो असा १९५६ पूर्वीचा नकाशा मिळाला तर तोही लावा.

विद्यार्थ्यांना हाताशी राहील असं एकच सांगते. कोणत्याही प्रकल्पावर काम सुरू करायचं असेल तर आधी एकच ओळ दुरुस्त करून पाठवा. एखादा शब्द, एखादी वेलांटी. मग थांबा. ती ओळ पोचली, उत्तर आलं, तर बाकीच्या तेराशे नव्याण्णव. नाही आलं, तर प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून कोडकडे जाणारी वाट पुन्हा पाहा. बहुधा तुम्ही जुन्या घराचं दार ठोठावत असता.

त्या फोननंतर मी जुन्या प्रतीवर पाटी लावायला बसले आणि चार ओळी लिहिल्या. 'ही शब्दयादीची जुनी प्रत आहे. यात २०१६ नंतर बदल झालेले नाहीत. इथे पाठवलेलं कोणी वाचत नाही. काम आता पुढील ठिकाणी चालतं.' त्याखाली पत्ता. लावण्याआधी त्या मुलीला दाखवली. आता ती यादी आम्ही दोघी सांभाळतो. ती म्हणाली, तिसरी ओळ बदला. कोणी वाचत नाही असं वाचलं की माणूस जातो, पुढचा पत्ता बघत नाही. तिने लिहिलं: 'इथे पाठवलेलं आमच्यापर्यंत पोचत नाही, आणि आम्हाला ते हवं आहे.'

तीच ओळ तिथे आहे. खाली तारीख घातली आहे. 'कॉलम'चं अजून ठरलेलं नाही. इथे इतके शिक्षक बसले आहेत, चहाच्या वेळी मला 'तास'बद्दल सांगा.